घाटमाथ्यावरची गळती

“कधीपासनं गळतीय?”

दस्तगीर वस्तादांनी पुन्हा तेच विचारलं आणि महिपत मिस्त्रीनं पुन्हा भलतंच उत्तर दिलं.

“आधी टॅपेट कव्हरमधनं गळत हुती. तितलं पॅकिंग बदललं. मग हेडाखालनं वल दिसाय लागली. तेबी पॅकिंग बदललं. आता क्लच कव्हर धरलंय तिनं.”

“कुठनं गळतीय ते इचारलंच न्हाई लेका. ते गाडी सांगंल. कधीपासनं ते तू सांग.”

महिपत खाली बघत राहिला. फटफटीच्या पोटाखाली तांबड्या मातीत एक काळा ठिपका पडला होता. त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्याशेजारी दुसरा पडला.

“चा हाय का वस्ताद?” तो म्हणाला.

वस्तादांनी चुलीवर किटली ठेवली. चहा मात्र लगेच दिला नाही.

घाटाच्या अगदी तोंडाशी हे पिराचं ठाणं आहे. पाठीमागे कोल्हापूरचा मुलूख आणि पुढे वळणं घेत घेत रस्ता खाली कोकणात उतरतो. घाट चढून आलेला ड्रायव्हर इथं इंजिन थंड करतो. घाट उतरणारा इथं थांबून ब्रेक बघतो, पिराला ऊद लावतो आणि मगच पुढं निघतो. कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा, हे पिरानं कधी विचारलं नाही आणि वस्तादांनीही नाही.

वस्तादांचं स्वतःचं गॅरेज होतं कोल्हापुरात. हात थरथरायला लागले तशी त्यांनी पाने, पकडी, पुलर सगळं शिष्यांना वाटून टाकलं आणि इथं येऊन पिराची झाडलोट पत्करली. त्यांच्या हाताखालून गेलेले मिस्त्री जिल्हाभर पसरलेत. त्यात सगळ्यात तरबेज महिपत. हे कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती, कारण महिपत स्वतःच ते सगळ्यांना सांगत असे.

आणि अशा मिस्त्रीची स्वतःची फटफटी गळत होती.

गारगोटीत तो ती आपल्या गॅरेजच्या मागच्या अंगाला लावायचा, खाली पोतं टाकून, वर ताडपत्री ओढून. घरातल्या माणसाचं दारूचं व्यसन झाकावं तशी त्यानं ती गळती गावापासून झाकली होती. रस्त्यावर काढायचा ती फक्त इथवर यायला.

“ह्याच्या आदी आलास तवा हेड गळत हुतं,” वस्ताद म्हणाले. “त्याच्या आदी टॅपेट. येतोस, गाडीखाली वाकून बगतोस, चा पितोस आन मागं फिरतोस.”

“गळत्या गाडीनं घाट कसा उतरायचा वस्ताद?”

“बाकीचे उतरत्यात की. निम्मे ट्रक गळतच जात्यात हितनं.”

“ते ड्रायव्हर हायत. मी मिस्त्री हाय.”

“व्हय. ते राह्यलंच.”

महिपतला टोमणा कळला. त्यानं तो गिळला.

“खाली काम तरी काय काढलंयस?”

“हापूस आणायचा हुता.”

वस्तादांनी आभाळाकडे पाहिलं, अंगावरचं कांबळं नीट ओढून घेतलं आणि घाटातून वर येणाऱ्या गार वाऱ्याकडे तोंड केलं.

“मार्गशीर्षात?”

महिपतचा चेहरा पडला. कॅरिअरला त्यानं एक बरणी बांधली होती, कांदा-लसणाच्या मसाल्याची. वस्तादांची नजर त्या बरणीवर गेली, तिथून महिपतच्या इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर आली आणि मग गुपचूप चुलीकडे वळली. मसाला घेऊन आंबे आणायला निघालेला माणूस त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

खरं काय ते दोघांनाही ठाऊक होतं. खाली, देवगडला, महिपतची लेक होती. सारिका. सारू.

बायको लवकर गेली, तेव्हा पोरगी एवढीशी होती. महिपतनं तिला गॅरेजातच वाढवली. फटफटीच्या टाकीवर बसून ती शाळेत गेली. पुढं मोठी झाली, मागच्या सीटवर बसायला लागली, पण टाकीवरचा तिच्या टाचांचा घासलेला पट्टा महिपतनं कधी रंगवून घेतला नाही. संध्याकाळी तो बाजारातून परतायचा तेव्हा फटफटी गल्लीच्या कोपऱ्यावर असतानाच घराचं फाटक उघडलेलं असायचं. गल्लीत तशा चार फटफट्या होत्या. सारूला आपल्या बापाची बरोबर कळायची.

ह्याच पोरीनं देवगडच्या बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा मुलगा पसंत केला. तो एकदा सुटा भाग न्यायला गारगोटीला आला होता. पुढं सुटे भाग त्याला वरचेवर लागायला लागले. रस्त्यावरच्या मिस्त्रीला हा पाण्यावरचा मिस्त्री काही केल्या पटेना. जात वेगळी, गाव लांब, आणि वर बोटीच्या इंजिनाला महिपत इंजिनच मानत नव्हता.

त्यानंतर दोन दसरे होऊन गेले. महिपतच्या घरात सारूचं नाव निघालं नव्हतं. शेजारीपाजारी काढायला गेले तर तो उठून जायचा. फाटक आता रोज त्याला स्वतःच उघडावं लागे.

“बरं,” वस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठले. “तू सांगत न्हाईस तर गाडीला इचारू. रॉकेल हाय त्या डब्यात. धू.”

महिपतनं बाह्या सरसावल्या. इंजिन धुण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. ब्रश फिरवला, फटी कोरल्या, कोरड्या फडक्यानं पुसून काढलं. थोड्या वेळात इंजिन नवंकोरं दिसायला लागलं. तेलाचा मागमूस उरला नाही.

वस्ताद पिराच्या ओट्यावर गेले आणि ऊददाणीतली मूठभर राख घेऊन आले.

“वस्ताद, ही उदी हाय!”

“मग?”

“गाडीला लावायची?”

“तुझ्या कपाळाला लावली असती. पर तू कुठं म्हणतोयस दुखतंय म्हणून.”

त्यांनी ती बारीक राख इंजिनावर फुंकली. सगळीकडे बसली ती, हेडावर, कव्हरांवर, सांध्यांवर. काळं इंजिन पांढरट झालं.

“आता चालू कर. राख जितं भिजंल तितनं गळतीय.”

ही रीत महिपतला नवी नव्हती. वस्तादांकडूनच तो ती शिकला होता, फक्त गॅरेजात खडूची पूड वापरायची असे. त्यानं किक मारली. फटफटी घुमायला लागली. धड, धड, धड. घाटात तो आवाज खाली उतरत गेला आणि समोरच्या कड्यावर आपटून परत आला. महिपतला वाटलं, वाऱ्याची दिशा असती तर हा आवाज थेट बंदरापर्यंत गेला असता. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली.

दोघं उकिडवे बसून राखेकडे बघत राहिले.

आधी क्लच कव्हरच्या खालच्या बोल्टापाशी राख काळी पडली. मग हेडाच्या डाव्या कोपऱ्यात. मग टॅपेटच्या झाकणाला, जिथं महिपतनं नव्या पॅकिंगला शेलॅकचा डिंक लावून दाबून बसवलं होतं, तिथंही ओल धरली.

“बंद कर.”

फटफटी बंद झाली. घाटात एकदम शांत झालं.

“बघा वस्ताद!” महिपत रडकुंडीला आला. “ह्या हातानं कापलेली पॅकिंगं हायत. सगळं बोल्ट सारकं आवळल्यात. एकीकडनं बंद करतोय तर दुसरीकडनं फुटतीय. मी काय कमी केलं?”

“कमी न्हाई केलंस. लई केलंस.”

“म्हंजी?”

 वस्तादांनी चहा ओतला. एक कप महिपतपुढे सरकवला, दुसरा स्वतः घेतला आणि पाठ करून घाटाकडे तोंड करून बसले.

खालून एक ट्रक कण्हत कण्हत वर येत होता. दोघं त्याचा आवाज ऐकत राहिले. ट्रक आला, ड्रायव्हरनं उतरून पिराला हात जोडले, रेडिएटरमध्ये पाणी घातलं आणि निघून गेला...

“खंडेनवमीपासनं,” महिपत म्हणाला.

वस्तादांनी वळून पाहिलं नाही.

“कुठल्या?”

“...त्या.”

“हं.”

“त्याच्या आदी ह्या गाडीनं पॅकिंगमधनं एक थेंब सोडला नव्हता. आईची आन.”

“खंडेनवमीला गाडी धुतलीस?”

“धुतली की. दरसाल धुतो. हत्यारं धुतली, पाने मांडले, गाडी मधोमध लावली. झेंडूची माळ घातली.”

“कुठं लावलीस?”

“अंगणात.”

“गाडीखाली काय हुतं?”

महिपतनं चहाचा घोट घेतला. चहा गार झाला होता, तरी त्यानं तो फुंकला.

“रांगोळी.”

“तू काढलीस?”

“मी कशाला काढतोय?”

“मग कुणी?”

वारा सुटला होता. पिराच्या हिरव्या निशाणाची फडफड ऐकू येत होती. महिपतचे ओठ हलले आणि थांबले. इतक्या दिवसांत तो शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडला नव्हता. मनात मात्र तो रोज घेत होता, फाटक उघडताना घ्यायचा, टाकी पुसताना घ्यायचा, रात्री एकट्याचं ताट वाढून घेताना तर हमखास घ्यायचा.

“...सारूनं,” तो म्हणाला.

त्यानं मातीतल्या काळ्या ठिपक्यांकडे पाहिलं.  

“मोठी काढली हुती वस्ताद. गाडीच्या पुढच्या चाकापासनं मागच्या चाकापतोर. मोर काढला हुता. पहाटंपासनं बसली हुती कंबर मोडून.”

“आन त्यावर ठिपका पडला.”

“न्हाई, पडू कसा दिला असता! पयला थेंब लोंबाय लागला तशी वरडली. अण्णा, तुमची फटफटी माझ्या मोराचा डोळा फोडणार! मागच्या नळीतनं येतो की थेंब, तसा. ब्रीदरच्या. मी म्हटलं, पुजेपुरतं काय तरी लावू. मग ती आत पळाली, जुनी ओढणी हुती तिची, त्याची एक चिंधी फाडून आणली, आन मी ती पिळून नळीत...”

महिपत थांबला.

कप त्याच्या हातात तसाच राहिला. वस्ताद आता वळून त्याच्याकडे बघत होते, पण महिपत वस्तादांकडे बघत नव्हता. तो फटफटीकडे बघत होता.

इंजिन चालतं तेव्हा त्याच्या पोटात वारा कोंडतो. तो वारा जायला मागच्या बाजूला एक रबरी नळी असते. तिच्यातून वाऱ्याबरोबर तेलाचा एखाददुसरा थेंब येतो, तो यायचाच. ती नळी तुंबली की वारा वाट शोधतो आणि तेलाला ढकलत सांध्यासांध्यांतून बाहेर काढतो. मग पॅकिंग कितीही चांगलं कापा. महिपतच्या गॅरेजात गळकी गाडी आली की तो आधी नळीच बघायचा. गिऱ्हाइकाला वर ऐकवायचाही, “पयली नळी बघावी, मग पान्याला हात घालावा.”

स्वतःच्या गाडीची नळी त्यानं बघितली नव्हती. तिच्याकडे हात जायचा आणि मध्येच वळायचा, दुसऱ्या कुठल्या तरी बोल्टाकडे. का वळतो, हे त्यानं स्वतःला विचारलं नव्हतं. त्या दिवसातलं काहीच त्याला आठवायचं नव्हतं. पूजा नको, मोर नको, संध्याकाळ तर नकोच.

त्यानं कप खाली ठेवला. इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टानिशी तो तांबड्या मातीत उताणा झाला आणि फटफटीखाली सरकला. चेन-कव्हरच्या मागे, वरच्या अंगाला वळवून खोचलेली नळी त्याच्या बोटांना लागली. टोकाशी गाठीसारखं काहीतरी घट्ट होतं.

नखांनी त्यानं ते ओढलं. आधी येईना. मग आलं.

नळीतून फस्सकन वारा सुटला.

महिपत बाहेर आला आणि मातीतच बसला. हातात एक चिंधी होती, तेलानं काळीकुट्ट झालेली, बोटाएवढी. त्यानं ती हळूहळू उलगडली. पीळ सुटत गेला. अगदी आतल्या घडीला तेल कमी पोचलं होतं, आणि तिथं मोरपंखी रंग होता. त्यावर पांढरी बुट्टी होती.

मिस्त्री रडला. उगीच आडपडदा कशाला ठेवायचा? चांगला हमसून हमसून रडला. पिराच्या ओट्यावरची कबुतरं उडाली एवढा रडला.

वस्तादांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही, की गप्प राहा म्हटलं नाही. त्यांनी झाडणी घेतली आणि ओट्यावर पडलेली पानं लोटायला लागले. ओटा आधीच स्वच्छ होता, तरी लोटत राहिले.

“त्याच सांजंला तिनं सांगितलं,” महिपत नाक पुसत म्हणाला. “गाडीला ववाळून झाल्यावर. मला वाटलं, सणाचा दिस हाय, अण्णा खुशीत हाय, म्हणून सांगितलं आसंल तिनं. न्हाई का?”

“आसंल.”

“मी म्हटलं, ह्या घरात सारिका नावाचं कुणी न्हाई.”

झाडणी थांबली.

“एवढंच म्हटलं. हात उगारला न्हाई, आरडलो न्हाई. ती काय बोलली न्हाई. चपला घातल्या. आन जाताना रांगोळीला वळसा घालून गेली वस्ताद. स्वतःच्याच रांगोळीला. पाय लागू ने म्हणून.”

“मग?”

“मग मी ती रांगोळी पुसली न्हाई. वाऱ्यानं ग्येली तेवढी ग्येली.”

वस्तादांनी झाडणी भिंतीला लावली. ते फटफटीपाशी आले, खाली वाकले आणि नळीच्या टोकाकडे पाहिलं. मग महिपतला डोळ्यांनीच खूण केली.

महिपतनं किक मारली. फटफटी चालू झाली. ह्या वेळी आवाज वेगळा होता, छाती मोकळी झाल्यासारखा. महिपतच्या कानांना तो लगेच कळला. हाच तो जुना आवाज, गल्लीच्या कोपऱ्यावरून घरात पोचणारा. इतके दिवस गाडी धापा टाकत होती आणि त्यालाच ते ऐकू आलं नव्हतं. सारू असती तर पहिल्याच दिवशी म्हणाली असती, अण्णा, हिचं काहीतरी बिनसलंय.

वस्तादांनी ओल्या जागा पुसून पुन्हा राख फुंकली. दोघं वाट बघत बसले. हेडापाशी राख कोरडी होती. क्लच कव्हरला कोरडी. टॅपेटला कोरडी.

मागच्या नळीच्या टोकाशी मात्र एक थेंब जमला, लोंबला, थरथरला.

महिपतचा हात सवयीनं पुढे गेला. थेंब पडण्याआधी त्यानं नळीवर अंगठा दाबला.

वस्तादांनी त्याच्या हातावर चापट मारली. म्हातारा हात, थरथरणारा, पण चापट अशी बसली की महिपतला गॅरेजातलं पहिलं वर्ष आठवलं.

अंगठा निघाला. थेंब मातीत पडला.

“हा पडणार,” वस्ताद म्हणाले. “हाय तवर पडणार.”

महिपतनं फटफटी बंद केली. चिंधीचं काय करावं त्याला कळेना. फेकवेना, खिशात घालावी तर पांढऱ्या शर्टाला डाग. मग त्याचं शर्टाकडे लक्ष गेलं. पाठीला तांबडी माती, बाहीला रॉकेल, छातीवर तेलाचा हात उमटलेला. त्यानं चिंधी खिशात घातली.

“वस्ताद, मी काय म्हणतो...”

“म्हण.”

“आज राहू दे. हा आसला शर्ट. घरी जाऊन येतो. पॅकिंगंबी परत एकदा बघतो सगळी, दाब बसलाय त्येंच्यावर इतके दिस. पुढच्या आठवड्यात...”

 वस्तादांनी कॅरिअरवरची बरणी सोडली, झाकण उघडून वास घेतला, परत घट्ट लावलं आणि बरणी पुन्हा बांधली, आधीपेक्षा पक्की.

“ह्याच्या आदीच्या बरण्यांचं काय केलंस?”

“...मीच खाल्ल्या.”

“तिला आवडतो?”

“लई. भातावर नुसता घालून खायाची. कोकणात तसला मिळत न्हाई.” त्यानं बरणीची गाठ चाचपली. “वस्ताद, ती आता कशी दिसत आसंल? माझ्या डोळ्यापुढं ती अजून पाठमोरीच येती. चपला घालताना.”

 उन्हं कलायला लागली होती. खालची वळणं एकेक करून सावलीत जात होती. त्याच्याही पलीकडे, जिथं जमीन संपते, तिथं एक फिकट चकाकी होती. ते पाणी आहे की नुसतं धुकं, हे महिपतला इथून कधीच कळलं नव्हतं. प्रत्येक खेपेला तो त्याच्याकडे बघत चहा प्यायचा आणि मागं फिरायचा.

तो उठला. ओट्यावर जाऊन त्यानं पिराला ऊद लावला. इथं इतक्या वेळा येऊन त्यानं ऊद कधी लावला नव्हता. ऊद घाट उतरणाऱ्यानं लावायचा असतो.

वस्तादांनी उदीचं बोट त्याच्या कपाळाला टेकवलं.

महिपत फटफटीवर बसला. गारगोटीकडे असलेलं तोंड त्यानं पाय टेकत टेकत वळवलं आणि चाक घाटाच्या उताराला लावलं. किक मारली. धड, धड, धड. आवाज कड्यावर जाऊन आला.

त्यानं क्लच दाबला, गिअर टाकला आणि तसाच थांबला. 

“वस्ताद!” इंजिनाच्या आवाजावरून तो ओरडला.

“काय रं?”

“हिचा आवाज तिला लांबनं कळतो. गल्लीच्या तोंडाशीच कळतो. तितंबी कळंल.”

“कळंल की.”

महिपतच्या डोळ्यांतून पुन्हा पाणी यायला लागलं होतं. त्यानं ते पुसलं नाही.

“आन ऐकूनबी... ऐकूनबी ती भाईर आली न्हाई तर?”

वस्ताद जवळ आले. त्यांनी टाकीवर हात ठेवला. 

“तर तिच्या दारात गाडी घटकाभर हुबी कर. ठिपका पडू दे.”